झेंडूच्या खुणेचं पोतं

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या दिवशी गिरणी सुरू करायची नाही, हा या घराचा जुना दंडक. सत्तावन्न सालच्या मंडईला तो मोडला, आणि मोडला कोणी? तर ज्यांनी घालून दिला होता त्या नानाजीमामांनीच. ब्रह्मपुरीत घरोघरी पाहुणे उतरले होते, ढोल वाजत होते, बाया नव्या लुगड्यांत शिंगाडे सोलत हिंडत होत्या, आणि इकडे धानाच्या गिरणीचं इंजिन सकाळपासून फटफट करत होतं. रस्त्यानं जाणारा जो तो थांबून विचारायचा, "आज काऊन चालू हाय गिरनी?" वाळवणीच्या आंगणाची मुकादमीण मंगली कमरेवर हात ठेवून सांगायची, "आज परीक्षा हाय."

"कोनाची?"

"शकुबाईची. अन् कोनाची!"

खरंच होतं ते. पोळ्याच्या दिवशी नानाजीमामांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. मामा म्हणजे गिरणीचे मालक गुणवंतराव यांच्या आईचे भाऊ, गडचिरोलीला राहणारे आणि गिरणीत अर्धे भागीदार. "गिरनी हाय का दंडारीचा खेळ हाय हा? दर सोमवारी हमाल बोलते, बाया बोलतेत, मालक ऐकते! मंडईपर्यंत तांदळाचा तुकडा, कनकी, कमी झाली तर ठीक. नाई झाली तर बैठक बंद. मी नागपुराहून शिकलेला मॅनेजर आनतो, अन् शकूनं आपला मोढा उचलून घरी न्यावा." गुणवंतरावांनी मान हलवली होती. मामांपुढे त्यांची मान नेहमीच हलायची.

तो मोढा म्हणजे बसायचं बुटकं आसन, बांबूचं, मंगलीच्या नवऱ्यानं, इसरूनं, विणून दिलेलं. गिरणीत वजनकाट्याशेजारी तो असायचा, आणि त्याच्यावर शकुबाई.

शकुबाई ही गुणवंतरावांची धाकटी बहीण. नवरा नागपुरात कापडगिरणीत फिटर होता. संध्याकाळी घरी येऊन त्याचं एकच गाऱ्हाणं: यंत्र बिघडलं की अर्धा दिवस कोणाची चूक ते ठरवण्यात जातो, आणि उरलेला अर्धा, ज्याची ठरली त्याची समजूत काढण्यात. तो तापानं गेला आणि शकुबाई माहेरी आली. दोन वर्षं ती जवळजवळ बोललीच नाही. वाढायची, उष्टी काढायची, भिंतीकडे तोंड करून बसायची. एक दिवस गिरणीत डबा घेऊन गेली, तर गुणवंतराव आणि रामाजी हे तिचे दोघे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. इंजिनाचा पट्टा सारखा घसरत होता. गुणवंतराव म्हणत होते रामाजीनं ढिला बांधला, आणि रामाजी म्हणत होता भाऊनं जुनाच उचलून आणला. शकुबाईनं डबा खाली ठेवला आणि म्हणाली, "कोनाची चूक ते राहू द्या. पट्टा कुठी घसरून राह्यला, तेवढं दाखवा मले."

घरात तिचा एवढा मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता. दोघेही पट्टा पाहायला वाकले. तीच पहिली बैठक.

पुढं नियम ठरले, तीनच. चूक कोणाची ते विचारायचं नाही. जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच सांगायचं. आणि कोणीही उपाय सुचवला तर त्याला 'नाई' म्हणायचं नाही, आधी एक पोतं करून पाहायचं. जो 'नाई' म्हणेल त्याला दंड: हातात दाताळं घेऊन वाळवणीवर एक पोतं धान दिवसभर उलटायचं. हा तिसरा नियम झाला आणि गुणवंतरावांचं मरण ओढवलं. कारण हा माणूस जेवायला बसा म्हटलं तरी आधी 'नाई' म्हणून मग पाटावर बसायचा. वर्षभरात त्यांच्याइतकं धान मंगलीच्या हाताखालच्या एकाही बाईनं उलटलं नसेल.

बैठकीचे सगळेच उपाय लागू पडले असं नाही हं. चैतू हमालानं उंदरांसाठी मांजर पाळायला सांगितलं. पाळली, तर तिनं इंजिनाजवळच्या खोक्यात पिल्लं घातली आणि कोणाला जवळ येऊ देईना, दोन दिवस गिरणी बंद. पण त्याच चैतूनं धान घेऊन येणाऱ्या बैलबंड्यांची रोजची भांडणं मिटवली. आधी आलेल्या बैलाच्या शिंगाला एक नंबरची पाटी, मग दोन, मग तीन. तेव्हापासून फाटकाशी शिवीगाळ ऐकू आली नव्हती. फक्त कनकी काही हटत नव्हती. अख्खा तांदूळ निघायच्या जागी तुकडेच फार. पायलीमागे चार ओंजळी कनकी, रोजच्या रोज.

तर आज शेवटची परीक्षा, आणि काट्यासमोर चार पोती ओळीनं उभी, प्रत्येकाच्या तोंडाला वेगळ्या पानाची किंवा फुलाची खूण बांधलेली. मामा धोतर सावरून पुढं बसले होते, मांडीवर शिंगाड्यांचा द्रोण.

"चारही पोती एकाच वावराची," शकुबाई सांगत होती. "काल एकाच दिवशी वाळवली. हे पळसाच्या पानाचं रामाजीचं, त्यानं यंत्राच्या पात्याची फट वाढवली. हे बांबूच्या पानाचं मंगलीचं, तिनं फरशीवर न टाकता चटईवर वाळवलं. आंब्याच्या पानाचं माह्यं. मी दिवसभर उनातून हलू देल्लं नाई, घडीघडी उलटलं. जितकं कोरडं तितकं चांगलं, असं वाटलं मले."

"अन् हे झेंडूचं?"

"ते रोजच्यासारखं. काईच बदल न करता. भाऊले मागच्या सोमवारचा दंड होता, तर त्यांनीच वाळवलं."

"जे रोज करतो ते कशाले पाहा लागते मग?"

"त्याच्याशिवाय फरक पडला का नाई, ते समजन कसं मामा?"

मामांनी शिंगाडा तोंडात टाकला. रामाजीनं एकेक पोतं यंत्रात ओतलं आणि शेवटी इंजिन बंद केलं. एवढी शांतता झाली की मंडईतला ढोल थेट आंगणात वाजतोय असं वाटलं. मग प्रत्येकाच्या तांदळातून पायलीभर घेऊन मंगलीनं चाळला आणि कनकी ओंजळीनं मोजली. ओंजळ एकाचीच असायची, हाही बैठकीचाच दंडक.

"पळस, चार."

रामाजी खट्टू झाला.

"बांबू, साडेतीन."

"आंबा..." मंगली थांबली. तिनं शकुबाईकडे पाहिलं. "आंबा, पाच."

शकुबाईच्या स्वतःच्या उपायानं कनकी वाढली होती. सगळे तिच्याकडे पाहत होते, आणि मामा मुद्दाम पाहत नव्हते, ते जास्त लागलं.

"झेंडू, दीड."

"काय?" रामाजी ओरडला. मंगलीनं पुन्हा पायली घेतली, पुन्हा चाळलं, पुन्हा मोजलं. दीडच.

मामा एवढे हसले की द्रोण कलंडला. "वा रे वा! ज्याले काई नाई केलं तेच सगळ्यात भारी! पोरी, तुह्या बैठकीनंच दाखवून देल्लं का बैठक नको!"

चैतूलाही हसू आलं, पण त्यानं ते तोंडावर हात धरून दाबलं. शकुबाई मात्र त्या दीड ओंजळीकडेच पाहत होती. काहीतरी जुळत नव्हतं.

"पन मामा, रोजच्यासारखं केलं तर रोजच्याइतकी कनकी निंगाले पायजे. चार. दीड कशी निंगली?" ती वळली. "भाऊ, काल तुमी काई येगळं केलं होतं काय?"

गुणवंतरावांनी छताकडे पाहिलं. "नाई."

"काईच?"

"नाई म्हनलं ना. रोजच्यासारखंच."

एरवी या दोन 'नाईं'वर सगळी गिरणी 'दंड! दंड!' म्हणून नाचली असती. आज कोणी ओरडलं नाही.

चहाची किटली घेऊन दारात उभ्या असलेल्या रुखमाबाईंनी ते ऐकलं आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली. गुणवंतरावांच्या लग्नाच्या बायकोला त्यांचं खोटं ओळखायला छताकडे पाहायची गरज नव्हती. काल दुपारी भाकरीचा रिकामा डबा न्यायला त्याच आल्या होत्या. आंगणात बाकीच्या बाया उन्हात धान उलटत होत्या आणि मालक पलीकडे मोहाच्या झाडाआड, कोणाला दिसणार नाही अशा सावलीत दुपट्टा पसरून घोरत होते. त्यांनी जागं केलं नाही. म्हटलं, थकला असेल माणूस, झोपू दे.

आता काय करावं? नवऱ्याचं नाव मामांसमोर, हमालांसमोर घालवायचं? नणंदेचं काय मग? रुखमाबाईंना ती दोन वर्षं आठवली. स्वयंपाकघरात दोघी शेजारी शेजारी बसायच्या आणि एकटं बोलून बोलून रुखमाबाईंचं तोंड दुखायचं. तेव्हापेक्षा आताची शकू बरी होती, भाजीत मीठ कमी पडलं तरी 'वहिनी, नेमकं काय दिसलं ते सांगतो' म्हणणारी. त्यांनी किटली खाली ठेवली.

"मामा, मी काय म्हनतो," त्या अगदी गरीब आवाजात म्हणाल्या, "एवढा हात चांगला हाय यांचा, तर उद्यापासून यायलेच वाळवनीवर ठेवा. रोज. सकाळपासून सांजपर्यंत."

"बरोबर बोलली सून!" मामांनी मांडीवर थाप मारली. "गुणवंताच्या हातालेच गुन हाय. झालं तर मग! मॅनेजर गिरनी पाहीन, गुणवंता धान उलटीन."

गुणवंतरावांनी बायकोकडे असं पाहिलं, की दुसरी कोणी असती तर घरात पळाली असती. रुखमाबाई शांतपणे चहा गाळत राहिल्या.

गुणवंतराव मनानं वाईट माणूस नव्हते. काल त्यांनी तीनदा धान उलटलं होतं. मग ऊन चढलं, पोटात वांग्याची भाजी आणि भाकरी गेली, आणि डोळे मिटायला लागले. पण धान तसंच पसरून ठेवलं तर बकऱ्या तोंड घालतील. म्हणून त्यांनी ते ओढून सावलीत त्याचा ढीग केला, वरून तणस, म्हणजे धानाचं वाळकं काड, टाकली आणि शेजारी आडवे झाले. सावली सरकून तोंडावर ऊन आलं तेव्हा धडपडून उठले, धान पुन्हा पसरलं आणि संध्याकाळपर्यंत शहाण्यासारखं उलटलं. कोणी पाहिलं नाही असंच त्यांना वाटत होतं. आता हे मामांना सांगायचं? गिरणीचा मालक दंडाच्या कामावर झोपला, हे चैतूनं ऐकायचं? उद्या सगळी मंडई सांगत सुटेल.

तेवढ्यात त्यांना शकू दिसली. ती काट्याजवळ गेली होती. तिनं पदरानं मोढ्यावरचा कोंडा पुसला, मोढा उचलून काखेत घेतला आणि भिंतीकडे तोंड करून क्षणभर उभी राहिली. अगदी तशीच, त्या दोन वर्षांत राहायची तशी.

गुणवंतराव दोन पावलं पुढं आले.

"मी झोपलो होतो," ते म्हणाले.

"काय?" मामांनी विचारलं.

"झोपलो होतो म्हनतो ना काल! किती मोठ्यानं सांगू? मंडईले ऐकू गेलं पायजे काय?"

चैतू हसत हसत खाली बसला. रामाजी म्हणाला, "भाऊ, दंडावर झोपला तू?" आणि मंगलीनं त्याला हातानंच गप्प केलं. चूक कोणाची ते विचारायचं नाही, पहिला नियम. शकुबाई वळली होती. मोढा केव्हा खाली ठेवला आणि केव्हा त्यावर बसली, तिचं तिलाही कळलं नाही.

"किती वेळ?" तिनं विचारलं.

"सावली मोहाच्या बुडाशी होती तवा निजलो. विहिरीपर्यंत गेली तवा उठलो."

"अन् धान कुठी होतं तवर?"

"ढीग करून ठेवला होता. बकऱ्यांच्या भेवानं. वरून तनीस टाकली."

"सावलीत?"

"सावलीतच. मी उनात झोपतो काय?"

शकुबाईनं चारही पोत्यांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळत गेला. "माह्यं धान दिवसभर उनात, कनकी पाच. मंगलीचं चटईवर, जरासं कमी तापलं, साडेतीन. अन् भाऊचं भर दुपारी सावलीत, दीड. अरे, यंत्र नाई तोडून राह्यलं तांदूळ! आपन वाळवतानीच तोडून राह्यलो!"

मंगलीनं कपाळावर हात मारला. "मडकं! कुंभाराच्या आव्यातलं गरम मडकं एकदम पान्यात घातलं तर तडकते ना, तसंच झालं बाई. वरून दाना सुकते, आतून वलाच राहते, मंग तडकते. सावलीत ढीग केला का आतलं पानी निवांत बाहीर येते." मग ती अजूनच जोरात म्हणाली, "अन् आमी घरी दुपारी ढीग करतोच वं! म्हनून आमच्या उखळात कनकी कमी निंगते! आमाले वाटे का बकऱ्यांसाठी करतो!"

गिरणीत एकच गलका झाला. रामाजीनं गुणवंतरावांना मिठीच मारली. "म्हनजे धानालेबी दुपारची झोप लागते भाऊ, तुह्यासारखी!" रुखमाबाईंनी पहिला कप नवऱ्याच्या हातात दिला, आणि त्यांच्याकडे पाहून अशा हसल्या की गुणवंतरावांना सगळा डाव कळला आणि रागवायचंही राहून गेलं.

मामा तेवढे हसले नव्हते. त्यांनी एक शिंगाडा सावकाश सोलला. "झालं ते चांगलंच झालं. पन एका मानसाले झोप लागली, म्हनून उपाय सापडला. याच्यात बैठकीनं काय केलं?"

शकुबाईनं झेंडूचं ते कोमेजलेलं फूल उचललं आणि मामांच्या पुढ्यात ठेवलं.

"भाऊ याच्या आधीबी झोपले असन मामा, दंडावर. दहादा झोपले असन." गुणवंतरावांनी खोकून दाखवलं. "तवा त्यायचं धान सगळ्यायच्या धानात मिसळून गेलं. चांगला तांदूळ निंगला असन, पन कोनाले दिसला? आज खून बांधली होती, म्हनून दिसला. झोप तर कोनालेबी लागते."

मामांनी फूल हातात घेतलं. उलटंपालटं करून पाहिलं.

"गुणवंता," ते शेवटी म्हणाले, "मान तू हलवली होती पोळ्याले. घरात मोठा तू. आता मीच इचारतो. करायची बैठक बंद?"

गुणवंतराव उभे राहिले. मामांपुढे त्यांची मान पहिल्यांदाच आडवी हलली.

"नाई!"

मंगलीनं टाळ्या पिटल्या. "दंड! मालकाले दंड!" चैतू, रामाजी, दारात जमलेले मंडईतले पाहुणे, सगळे ओरडायला लागले. कोणी आणून द्यायच्या आधीच गुणवंतरावांनी कोपऱ्यातलं दाताळं खांद्यावर टाकलं होतं.

"अवो, आज मंडई हाय," रुखमाबाई म्हणाल्या, "नवं धोतर हाय अंगावर. उद्या करा."

"नियम म्हनजे नियम," गुणवंतराव म्हणाले आणि रणरणत्या आंगणात उतरले. ऊन डोक्यावर आलं होतं. सकाळी पसरलेलं धान चांगलंच तापलं होतं, आणि त्यांनी सवयीनं दाताळं घातलं आणि उलटायला सुरुवात केली.

"भाऊ!" शकुबाई दारातून ओरडली. "आता उलटायचं नाई! ढीग करा, सावलीत घ्या!"

आणि मग पहिला आवाज आला तो नानाजीमामांचा.

"नाई म्हनली! शकू नाई म्हनली! दंड! शकूले दंड!"

शकुबाईनं जीभ चावली, आणि मग ती हसली. नुसती हसली नाही, खळखळून, पोट धरून हसली, चार वर्षांत या घरानं ऐकलं नव्हतं असं. पदर खोचून, दुसरं दाताळं घेऊन ती आंगणात धावली, आणि बहीणभाऊ मिळून मोहाच्या सावलीत धान ओढायला लागले.

मामा उठले. मधेच पडलेला मोढा त्यांनी उचलला, काट्याशेजारी त्याच्या जागी नेऊन ठेवला, आणि स्वतः पोत्यावर बसून उरलेले शिंगाडे खाऊ लागले.